द्राक्षाच्या चोथ्यातून अर्क : सेंट्रिफ्यूज घेण्याआधी अकरा बॅच

जानेवारी उजाडला की नाशिक जिल्ह्यातल्या वायनऱ्यांच्या आवारात क्रेट उतरू लागतात आणि मार्चअखेरपर्यंत प्रेसखालून चोथा निघत राहतो. दाबलेल्या द्राक्षांच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा चोथ्याच्या रूपाने मागे उरतो. त्यात साल, बिया, थोडा गर आणि नजर चुकवून आलेले देठ असतात. १९९९ मध्ये सुला उभी राहिली, २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूरला वाइन पार्क झाला, दिंडोरी आणि इगतपुरी तालुक्यांत वायनऱ्या आल्या. वाइन वाढली तसा चोथाही वाढला. तो बहुतेक ठिकाणी खताच्या खड्ड्यात जातो.

खतात जाण्यात गैर काही नाही. पण द्राक्षातल्या पॉलिफेनॉलचा मोठा वाटा, ढोबळमानाने दोन तृतीयांश, बियांमध्ये असतो. उरलेला बहुतेक सालीत असतो आणि गरात अगदी थोडा. म्हणजे रस बाटलीत गेला तरी औषधी कंपन्या, पूरक आहार बनवणारे आणि नैसर्गिक रंगांचे व्यापारी ज्याला पैसे मोजतात, तो भाग चोथ्यातच राहतो. शेतकरी उत्पादक कंपन्या, लहान वायनऱ्या आणि सातपूर-अंबडचे काही उद्योजक यांना हे माहीत आहे. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सेंट्रिफ्यूज कोणता घेऊ?

हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. यंत्राचा आकार, वेग आणि प्रकार तुमच्या मालावरून ठरतो. माल कसा वागतो हे नीट आखलेल्या दहा-बारा बॅचमधून कळते. त्या बॅच कशा आखायच्या आणि त्यातून यंत्राची निवड कशी करायची, याची ही वाट.

आधी कागदपत्रे

चोथ्यातून पॉलिफेनॉल काढायला सर्वांत सोयीचा द्रव म्हणजे पाणी मिसळलेले इथाइल अल्कोहोल. नुसत्या पाण्यात किंवा नुसत्या अल्कोहोलमध्ये जेवढे उतरते, त्याहून दोन्हींच्या मिश्रणात जास्त उतरते. मात्र अल्कोहोल आणणे, साठवणे आणि वापरणे यासाठी महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. वायनरीचा परवाना आहे म्हणून अर्काचे कामही त्यात बसेल, असे गृहीत धरू नये. विकृत केलेले म्हणजे डिनेचर्ड स्पिरिट स्वस्त मिळते, पण खाण्याच्या पदार्थासाठी ते चालत नाही. अर्क अन्नात जाणार असेल तर एफएसएसएआयचा परवाना लागतो. कारखान्यात ज्वलनशील द्रव येणार असल्याने अग्निशमन विभागाशीही आधीच बोलावे.

अर्क काढणे म्हटले की परदेशातल्या गांजा-हेंप उद्योगाचे व्हिडिओ समोर येतात, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. कॅनडात २०१८ मध्ये गांजा कायदेशीर झाला. तिथे अतिथंड अल्कोहोलमध्ये पाला काही मिनिटे भिजवून बास्केट सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. थंडीमुळे मेण आणि हरितद्रव्य कमी उतरते आणि पुढचे शुद्धीकरण सोपे होते. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गांजा, चरस आणि त्यापासून काढलेला अर्क विनापरवाना बनवणे हा गंभीर गुन्हा आहे. उत्तराखंडसारख्या राज्याने हेंपच्या लागवडीला परवाने दिले, म्हणून नाशिकमध्ये कुणाला सूट मिळत नाही. त्या उद्योगाकडून एवढेच शिकावे की तापमान, भिजवण्याचा वेळ आणि फिरवण्याचा जोर यांचा विचार एकत्र करावा लागतो.

चोथा म्हणजे एकच माल नव्हे

शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यो ब्लाँ यांसारख्या पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी दाबतात, रस मग आंबतो. त्यामुळे त्यांचा चोथा न आंबलेला असतो. बियांतला ऐवज जवळजवळ शाबूत असतो, पण साखरही भरपूर असते. असा चोथा ढीग करून ठेवला तर काही तासांत तापू लागतो. शिराझ किंवा कॅबरने यांसारख्या लाल वाइनमध्ये साल-बियांसकट आंबवतात आणि नंतर दाबतात. त्यातला काही रंग आणि टॅनिन वाइनमध्ये आधीच गेलेले असतात. साखर जवळपास संपलेली असते आणि थोडे अल्कोहोल शिल्लक असते. हे दोन चोथे एकाच पिंपात टाकले की पुढचा प्रत्येक आकडा संशयास्पद होतो.

माल आला की त्याच दिवशी देठ वेगळे करावेत आणि चोथा पातळ थरात वाळवायला घालावा. फेब्रुवारी-मार्चची नाशिकची कोरडी हवा मदतीला असते. पण भर उन्हात सालीचा रंग उडतो, म्हणून सावलीत वारा खेळवून किंवा ट्रे ड्रायरमध्ये ६० अंश सेल्सिअसच्या आत वाळवणे बरे. ओलावा १० टक्क्यांच्या खाली आल्यावरच पोती भरावीत, नाहीतर बुरशी धरते. बुरशी धरलेल्या मालात ऑक्राटॉक्सिनचा धोका असतो.

वाळल्यावर चाळणीने बिया आणि साल वेगळे करावेत. बियांमध्ये साधारण १० ते १६ टक्के तेल असते. ते आधी थंड घाण्यावर काढून घ्यावे आणि उरलेल्या पेंडीतून अर्क काढावा. तेलासकट बिया दळून अल्कोहोल-पाण्यात टाकल्या तर तेलाचे बारीक थेंब सगळ्या द्रवात पसरून गढूळपणा येतो आणि सेंट्रिफ्यूजमध्येही तो सहज फुटत नाही. सालीची अडचण वेगळी आहे. सालीत पेक्टिन असते. पाणी जास्त असलेल्या मिश्रणात ते फुगते, लगदा बुळबुळीत होतो आणि फिल्टरचे कापड बुजते. अल्कोहोलचे प्रमाण वाढले की पेक्टिन आकसते आणि द्रव मोकळा सुटतो. ही गोष्ट पुढे पुन्हा कामी येणार आहे.

आणखी एक तपासणी टाळू नये. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे बागाईतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याच्या, अवशेषांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली होती. सीसीसी पाण्यात चटकन विरघळते, त्यामुळे अल्कोहोल-पाण्याच्या अर्कात ते उतरू शकते. डाऊनीसाठी मारलेल्या फवारण्यांतले तांबे सालीवर राहते. दहा किलो चोथ्याचा एक किलो अर्क झाला आणि चोथ्यातला अवशेष सगळा त्यात उतरला, तर त्याचे प्रमाणही दहापट होते. म्हणून चोथा घेतानाच बागेच्या फवारणीची नोंद मागावी आणि पहिल्या अर्काची अवशेष चाचणी करून घ्यावी.

सेंट्रिफ्यूज नेमके काय वाचवतो

चोथ्याची पूड अल्कोहोल-पाण्यात तासभर ढवळली की विरघळणारे पदार्थ द्रवात येतात. आता द्रव आणि पूड वेगळी करायची. कापडातून गाळले तर भिजलेली पूड बराच द्रव धरून ठेवते. समजा १० किलो पुडीला १०० लिटर द्रव घातला आणि गाळल्यावर लगद्यात २५ लिटर अडकला. अडकलेल्या द्रवातही बाहेरच्याइतकाच अर्क असतो, म्हणजे उतरलेल्या अर्काचा चौथा हिस्सा लगद्याबरोबर गेला. सेंट्रिफ्यूजने अडकलेला द्रव १० लिटरवर आणला तर हाती येणारा द्रव ७५ वरून ९० लिटर होतो. द्रव बदलला नाही, तापमान बदलले नाही, तरी उत्पादन पाचव्या हिश्श्याने वाढले. शिवाय १५ लिटर अल्कोहोल-पाणी परत मिळाले आणि लगदा कमी पेटता राहिला.

वर फिरत्या लगद्यावर थोडे ताजे मिश्रण शिंपडून धुतले तर उरलेल्यातलाही बराचसा निघतो. एकदम २० लिटर ओतण्यापेक्षा १०-१० लिटर दोनदा शिंपडणे जास्त उपयोगी पडते.

आता यंत्राचे प्रकार. बास्केट सेंट्रिफ्यूजमध्ये भोके असलेल्या फिरत्या पिंपात कापडाची पिशवी असते. लगदा कापडावर थांबतो आणि द्रव बाहेर फेकला जातो, अगदी वॉशिंग मशीनच्या ड्रायरसारखा. साखर कारखान्यात साखर आणि मळी वेगळी करणारी यंत्रे याच जातीची असतात, त्यामुळे निफाडपासून नगरपर्यंत ती चालवणारी आणि दुरुस्त करणारी माणसे भेटतात. डिकँटरमध्ये आडव्या पिंपात घट्ट माल कडेला बसतो आणि आतला स्क्रू तो सतत बाहेर ढकलतो. माल सलग आणि भरपूर असेल तर हे यंत्र परवडते. डिस्क सेपरेटर बारीक गाळ काढण्यासाठी असतो. दुधातून साय काढणारे यंत्र त्याचे जुने भाऊबंद. पूडभरल्या द्रवावर तो लावला तर लगेच तुंबतो, पण बास्केटमधून निघालेला द्रव स्वच्छ करायला उत्तम. दर दिवशी काही शे किलोंच्या आतले काम असेल तर सुरुवात बास्केटपासूनच करावी.

आरपीएम सांगू नका, जी सांगा

सेंट्रिफ्यूजच्या जाहिरातीत आरपीएम मोठ्या अक्षरांत असते. द्रव वेगळा करणारा जोर मात्र आरपीएम आणि त्रिज्या या दोन्हींवर अवलंबून असतो आणि तो गुरुत्वाकर्षणाच्या पटीत, म्हणजे 'जी'मध्ये मोजतात. हिशेब सोपा आहे :

जी = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंटिमीटर) × आरपीएम × आरपीएम

प्रयोगशाळेतल्या १० सेंमी त्रिज्येच्या यंत्रात ४,००० आरपीएमला सुमारे १,७९० जी मिळतो. कारखान्यातल्या ६० सेंमी व्यासाच्या, म्हणजे ३० सेंमी त्रिज्येच्या बास्केटला १,२०० आरपीएमला सुमारे ४८३ जी मिळतो. प्रयोगशाळेत ४,००० वर छान निकाल आला म्हणून असे बास्केट मागवले, तर जोर जवळजवळ पाऊण हिश्श्याने कमी झालेला असतो. प्रयोगशाळेच्या यंत्रात त्याच ४८३ जीसाठी सुमारे २,०८० आरपीएम पुरे. म्हणून वहीत, बॅच रेकॉर्डमध्ये आणि यंत्राच्या चौकशीपत्रात नेहमी जी आणि फिरवण्याची मिनिटे लिहावीत. त्रिज्या पट्टीने मोजून घ्यावी, पत्रकावर भरवसा ठेवू नये.

प्रयोगशाळेच्या नळ्यांमध्ये पूड तळाशी बसते, बास्केटमध्ये द्रव लगद्यातून झिरपतो. या दोन वेगळ्या क्रिया आहेत. म्हणून बास्केट घ्यायचे असेल तर चाचणी ३० सेंमी व्यासाच्या लहान बास्केटवर करावी. औद्योगिक वसाहतीतल्या यंत्रनिर्मात्यांकडे किंवा औषध कारखान्यांच्या पायलट विभागात असे यंत्र भाड्याने किंवा चाचणीसाठी मिळू शकते.

सुरक्षिततेत तडजोड नको. अल्कोहोलची वाफ खोलीच्या तापमानालाही पेट घेते. ज्वलनरोधक मोटर, पक्के अर्थिंग, झाकण बंद असल्याशिवाय न फिरणारी आणि फिरत असताना न उघडणारी कुलूपव्यवस्था, आतल्या हवेच्या जागी नायट्रोजन आणि खोलीत वाफ खेचणारा पंखा, एवढे असल्याशिवाय अल्कोहोलचा एक थेंबही यंत्रात घालू नये. माल हळू वेगात सगळीकडे सारखा भरावा. एका बाजूला ढीग झाला तर बास्केट हेलकावे खाते.

बारीक दळण : फायदाही, अडचणही

पूड जितकी बारीक, तितका अर्क लवकर उतरतो. पण कणाचा व्यास निम्मा झाला की तो द्रवात खाली बसण्याचा वेग चौथाईवर येतो आणि बास्केटमध्ये बारीक पुडीच्या थरातून द्रव झिरपणे अवघड होते. म्हणजे दळणाने जे मिळवले ते गाळताना गमावले जाऊ शकते. कमी जोरावर बारीक पूड तोट्याची ठरेल आणि जास्त जोरावर तीच फायद्याची ठरेल. एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकाच्या पातळीवर अवलंबून असणे, याला संख्याशास्त्रात आंतरक्रिया म्हणतात. अर्क काढण्याच्या कामात पैसा जिंकला किंवा हरला जातो तो बहुतेक इथेच.

आपल्याकडची रूढ रीत म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे. तिने ही आंतरक्रिया दिसत नाही. समजण्यासाठी घेतलेले हे आकडे पाहा. दर किलो कोरड्या चोथ्यामागे हाती आलेला अर्क ग्रॅममध्ये :

जाडी पूड, कमी जोर : ५२
बारीक पूड, कमी जोर : ५०
जाडी पूड, जास्त जोर : ५८
बारीक पूड, जास्त जोर : ७२

एकेक बदल करणारा माणूस ५२ वरून सुरुवात करतो. पूड बारीक करतो, ५० येतात. "बारीक दळण्यात अर्थ नाही" असे ठरवून जाड्या पुडीवर परततो. जोर वाढवतो, ५८ येतात आणि तो समाधानाने थांबतो. ७२ त्याला दिसतच नाही, कारण त्या कोपऱ्यात तो गेलाच नाही.

चारही जोड्या केल्या तर हिशेब कागदावर मांडता येतो. जोराचा सरासरी परिणाम : (५८ + ७२) ÷ २ वजा (५२ + ५०) ÷ २, म्हणजे ६५ − ५१ = १४. दळणाचा : ६१ − ५५ = ६. आंतरक्रिया : जास्त जोरावर दळणाचा फायदा १४, कमी जोरावर उणे २, या दोहोंतल्या फरकाचा निम्मा, म्हणजे ८. दळणाच्या स्वतःच्या परिणामापेक्षा आंतरक्रिया मोठी निघाली. "बारीक दळावे की जाड?" या प्रश्नाला एकटे उत्तर नाही, हे आकडेच सांगतात.

अकरा बॅचची आखणी

प्रयोगांच्या आखणीचे शास्त्र शेतातून आले. इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्रात काम केलेल्या रोनाल्ड फिशर यांचे या विषयावरचे पुस्तक १९३५ चे. १९३८ मध्ये कोलकात्याच्या संख्याशास्त्र परिषदेत त्यांनी सुनावले होते की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे शवविच्छेदन करायला सांगणे. आपल्या मराठी माणसांचाही यात मोठा वाटा आहे. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचे १९५४ चे कृषी संख्याशास्त्रावरचे पुस्तक कृषी महाविद्यालयांच्या पिढ्यांनी वापरले. कृषी पदवीधर असलेल्या बहुतेक वाचकांनी ते हाताळलेही असेल. तेच ज्ञान शेतातून कारखान्यात आणायचे आहे.

पहिल्या फेरीत तीन घटक घ्यावेत, प्रत्येकाच्या दोन पातळ्या :

अल्कोहोलचे प्रमाण : ४० आणि ६० टक्के
पुडीचा आकार : सुमारे १ मिमी आणि ०.४ मिमी
सेंट्रिफ्यूजचा जोर : २०० आणि ५०० जी

बाकी सगळे कायम ठेवायचे : तापमान ५० अंश, वेळ ६० मिनिटे, एका किलोला १० लिटर द्रव, फिरवणे १० मिनिटे. ३० सेंमी व्यासाच्या बास्केटला २०० जीसाठी सुमारे १,०९० आणि ५०० जीसाठी सुमारे १,७३० आरपीएम लागतात. तीन घटकांच्या दोन पातळ्यांच्या आठ जोड्या होतात. त्याशिवाय मधल्या बिंदूच्या तीन बॅच, सारख्याच : ५० टक्के, ०.७ मिमी, ३५० जी, म्हणजे सुमारे १,४४५ आरपीएम. एकूण अकरा. प्रत्येकी एक किलो म्हटले तरी २० किलो पूड हाताशी असावी.

मधल्या बिंदूच्या तीन बॅच फुकट जात नाहीत. त्या आपसांत किती हलतात यावरून तुमच्या हाताचा आणि मोजमापाचा चढउतार कळतो. त्या ६०, ६२, ६१ आल्या तर १४ किंवा ८ चा परिणाम खरा मानता येतो; अर्ध्या-एका ग्रॅमचा परिणाम मोजमापाच्या डळमळीत जिरतो. मधल्या बॅचची सरासरी आठ कोपऱ्यांच्या सरासरीपेक्षा बरीच वेगळी आली, तर परिणाम सरळ रेषेत नाही, मध्ये कुठेतरी शिखर किंवा खड्डा आहे, असा अर्थ.

चार नियम मोडू नयेत. पहिला, सगळी पूड एकाच लॉटची असावी. पोती एकत्र ओतून ढीग करावा, चार भाग करून पुन्हा मिसळावा, मग एकेक किलोच्या पिशव्या भराव्यात. दुसरा, बॅचचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. सोयीसाठी आधी सगळ्या कमी जोराच्या आणि मग जास्त जोराच्या बॅच केल्या, तर वाढलेला सराव आणि बुजत चाललेले कापड यांचा परिणाम जोराच्या नावावर जमा होतो. तिसरा, दोन दिवस लागणार असतील किंवा शिराझ आणि कॅबरने दोन्ही घ्यायचे असतील, तर प्रत्येक दिवशी किंवा प्रत्येक जातीत जोड्यांची समान विभागणी करावी. चौथा, एकाच बॅचचा नमुना तीनदा मोजला म्हणजे तीन प्रयोग झाले नाहीत. मोजणी तीनदा झाली, प्रयोग एकच.

आणखी एक सूचना. ५० अंशाला उघड्या भांड्यात अल्कोहोल उडून जाते, मिश्रण ६० टक्क्यांवरून खाली येते आणि घटक नकळत बदलतो. भांडे बंद ठेवून वर कंडेन्सर लावावा आणि शेवटी अल्कोहोलचे प्रमाण पुन्हा मोजावे.

काय मोजायचे

नुसते अर्काचे वजन फसवते. पांढऱ्या चोथ्यात उरलेली साखर वजन वाढवते, टार्टरिक आम्ल वाढवते. पुढे कुणी माल्टोडेक्स्ट्रिन मिसळून पावडर केली की वजनाला काही अर्थच राहत नाही. प्रत्येक बॅचमागे किमान चार आकडे लिहावेत : हाती आलेला द्रव, त्यातले कोरडे वजन, एकूण पॉलिफेनॉल आणि लगद्यात अडकलेला द्रव.

एकूण पॉलिफेनॉलसाठी फोलिन-चिओकाल्टो ही चाचणी स्वस्त आहे. फार्मसी महाविद्यालयांत तिच्यासाठी लागणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो आणि नाशिकमध्ये फार्मसी महाविद्यालयांची वानवा नाही. पण वायनरीत वापरलेले सल्फर डायऑक्साइड आणि मालातली साखर यांनाही ही चाचणी पॉलिफेनॉल समजू शकते. बॅचची आपसांत तुलना करायला ती पुरते. ग्राहकाला देण्याच्या प्रमाणपत्रासाठी एचपीएलसी करून घ्यावी. लाल सालीच्या रंगासाठी दोन वेगळ्या सामूंवर, १.० आणि ४.५ वर, मोजण्याची पद्धत वापरतात. आम्लात अँथोसायनिन लालभडक राहते, म्हणून द्रवात थोडे सायट्रिक आम्ल घालणे सालीच्या बाबतीत फायद्याचे असते.

वस्तुमानाचा ताळा प्रत्येक बॅचला घ्यावा. घातलेला द्रव बरोबर आलेला द्रव अधिक अडकलेला द्रव अधिक उडालेला द्रव. दहा टक्क्यांहून अधिक हिशेब लागत नसेल तर कुठेतरी गळती आहे, ती शोधल्याशिवाय पुढची बॅच लावू नये.

दुसरी फेरी आणि एल-नऊचा मोह

पहिल्या फेरीत कोणते घटक महत्त्वाचे ते कळते. शिखर मध्ये असल्याचा संशय आला तर तीन घटकांची बॉक्स-बेन्केन आखणी घ्यावी. १९६० पासून वापरात असलेली ही आखणी १२ बॅच आणि मधल्या बिंदूच्या तीन, अशा १५ बॅचमध्ये वक्ररेषा शोधते. विश्लेषणाला महागडे सॉफ्टवेअर लागतेच असे नाही. पहिली फेरी साध्या स्प्रेडशीटवर होते, दुसरी 'आर' या मोफत प्रणालीवर.

महाविद्यालयीन प्रकल्पांत तागुचींची एल-नऊ आखणी फार लोकप्रिय आहे, कारण नऊ बॅचमध्ये चार घटक बसतात. तिच्यामागच्या ऑर्थोगोनल अॅरे १९४७ मध्ये सी. आर. राव यांनी मांडल्या आणि तागुची १९५४-५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत राहून गेले होते. या आखणीचा गौरव जरूर करावा. पण एल-नऊमध्ये घटकांचे स्वतःचे परिणाम आणि आंतरक्रिया एकमेकांत मिसळून जातात. दळण आणि जोर यांसारखी जोडी जिथे निर्णायक आहे, तिथे एल-नऊ चुकीच्या घटकाला श्रेय देऊ शकते. अशा कामाला आठ अधिक तीनची साधी आखणीच बरी.

जे उत्तर सर्वोत्तम वाटले त्यावर आणखी तीन बॅच करून पाहाव्यात. आकडा अंदाजाच्या आसपास आला तरच त्यावर पैसे लावावेत. मोठ्या बास्केटवर जाताना जी आणि मिनिटे तीच ठेवून सुरुवात करावी, पण लगद्याच्या थराची जाडीही मोजावी. थर दुप्पट जाड झाला तर त्याच जोरावर द्रव सुटायला जास्त वेळ लागतो. ही नोंद नसली की मोठे यंत्र "चालत नाही" असे वाटते.

मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून द्राक्षावर काम करते आहे. रसासाठी विकसित केलेली गडद रंगाची मांजरी मेडिका ही जातही तिथलीच. द्राक्षाच्या रसायनाबद्दल शंका असेल तर तिथे विचारावे आणि विचारताना हातात आकड्यांची वही असावी.

चोथा वर्षातून तीन महिनेच येतो, पण वाळवून नीट ठेवला तर प्रयोग वर्षभर करता येतात. येत्या हंगामात एका जातीचा वाळवून २५ किलो चोथा बाजूला ठेवा, परवाना मिळाल्यावर लहान बास्केटवर अकरा बॅच करा, तीन बॅचने खात्री करा आणि मगच यंत्राचे कोटेशन मागवा. कोटेशनच्या पत्रात आरपीएमऐवजी जी, मिनिटे, थराची जाडी आणि दर किलोमागे अडकलेला द्रव लिहा. या चार आकड्यांवर नीट उत्तर न देणाऱ्या विक्रेत्याला आगाऊ रक्कम देऊ नका.